केसपेपरचा मालक कोण?

छावणीतला गुरुवारचा आठवडी बाजार हा केवळ भाजीपाल्याचा आणि जनावरांचा बाजार नाही. पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद या बाजूंनी येणारा माणूस बाजाराच्या निमित्ताने शहरातील इतर कामेही एकाच खेपेत उरकून घेतो, आणि त्या कामांत दवाखान्याचे काम बहुधा असतेच. कोणी छावणी परिषदेच्या रुग्णालयात जातो, कोणी खाम नदी ओलांडून घाटीची वाट धरतो, तर कोणी एखाद्या खाजगी डॉक्टरच्या दारातील बाकावर आपला क्रमांक येईतो बसून राहतो. पूर्वी अशा माणसाच्या पिशवीत एक वस्तू हमखास असे. घडी घालून घालून चिरत आलेला आणि शिधापत्रिकेसह प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला केसपेपर. आज खिडकीपलीकडचा कारकून नाव, वय, गाव, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक विचारतो, ते सारे संगणकात भरतो आणि एक चिठ्ठी बाहेर सरकवतो. चिठ्ठी रुग्णाकडे राहते. बाकी सारे रुग्णालयाकडे राहते. हे ‘बाकी सारे’ पुढे कोठे जाते, किती वर्षे राहते, ते कोणकोण पाहू शकतो आणि ते चोरीस गेले तर भरपाई कोणी करावयाची, हे प्रश्न त्या रांगेत सहसा कोणी विचारीत नाही. विचारण्याइतकी सवड कारकुनालाही नसते आणि ज्याचे दुखते आहे त्यालाही नसते.

कागदाचा काळ हा सुवर्णकाळ होता असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी एखाद्या जुन्या सरकारी रुग्णालयाची दप्तराची खोली पाहिली आहे त्यांना वाळवीने खाल्लेले गठ्ठे, पावसाळ्यात गळणारे छप्पर आणि ‘तुमचा जुना पेपर सापडत नाही, नवा काढा’ हे उत्तर परिचयाचे आहे. संगणकाने ही दैना पुष्कळ अंशी संपविली. पाच वर्षांपूर्वीचा रक्ततपासणीचा अहवाल आज क्षणात डॉक्टरांसमोर येतो, आणि एखाद्या औषधाची बाधा होणाऱ्या रुग्णाचा जीव त्यामुळे वाचू शकतो. तेव्हा संगणक असावा की नसावा हा वादच उरलेला नाही. परंतु कागदाच्या दप्तराला एक नैसर्गिक संरक्षण होते, ते म्हणजे त्याचे वजन. हजार रुग्णांची माहिती पळवावयाची तर चोराला टेम्पो आणावा लागला असता. आज लाख रुग्णांची माहिती बोटाच्या पेराएवढ्या साधनात मावते, आणि ती नेण्यासाठी चोराला रुग्णालयात, शहरात, किंबहुना देशातही पाऊल ठेवावे लागत नाही.

या माहितीचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. बँकेचे कार्ड हरवले तर दूरध्वनी करून ते बंद करता येते आणि आठवड्यात नवे मिळते. एखाद्या मुलीला वयाच्या विसाव्या वर्षी क्षयरोग झाला होता, एखादा शिक्षक मानसिक आजारावर औषधे घेतो, एखाद्या तरुणाची एचआयव्ही चाचणी सकारात्मक आली, या गोष्टी एकदा बाहेर पडल्या की त्या बंद करणारे कोणतेही कार्यालय जगात नाही. त्यांना गिऱ्हाईक मात्र आहे. विम्याचा दलाल आहे, नोकरी देणारा मालक आहे, सोयरीक जुळविताना चौकशी करणारे नातलग आहेत, आणि उघडउघड धमकावून पैसे उकळणारेही आहेत. फिनलंडमध्ये २०२० साली ‘वास्तामो’ या मानसोपचार संस्थेतील सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्याचे उघड झाले. चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली; ती मिळेना, तेव्हा त्याने एकेका रुग्णाला पत्र पाठवून पैसे मागावयास प्रारंभ केला. ज्यांनी आपल्या घरच्या माणसांनाही जे सांगितले नव्हते ते उपचारकाला विश्वासाने सांगितले होते, त्यांच्या हाती ही पत्रे पडली.

कुलूप लावणारे चोर

हे सारे दूरदेशीचे आहे असे वाटण्याचे कारण नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी संगणक चालेनासे झाले. चोरांनी पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती गुप्तलिपीत रूपांतरित करून ठेवली होती. घर फोडून दागिने नेण्याऐवजी चोराने घरालाच आपले कुलूप ठोकावे आणि किल्लीसाठी पैसे मागावेत, अशा प्रकारचा हा गुन्हा आहे. देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयात सुमारे दोन आठवडे नोंदणी, दाखले, तपासण्यांचे अहवाल हे सारे हाताने चालले. रांगा लांबल्या, नमुने साठले. पुढे सरकारने संसदेत जे सांगितले त्यांतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की संस्थेच्या अंतर्गत जाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती, त्यामुळे एका ठिकाणी शिरलेला उपद्रव सर्वत्र पसरू शकला. दुसरी ही की हल्ल्याची झळ न लागलेल्या एका राखीव सर्व्हरवर प्रत शिल्लक होती आणि तिच्यावरूनच रुग्णांच्या नोंदी परत उभ्या करता आल्या. रुग्णालय बुडाले ते एका चुकीने आणि वाचले ते एका सावधगिरीने. दोन्ही गोष्टी फार गहन शास्त्राच्या नव्हत्या.

महाराष्ट्रातही हे घडून गेले आहे. वाशीच्या महात्मा गांधी मिशन रुग्णालयाच्या संगणकांना २०१८ च्या जुलैत असेच कुलूप लागले आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. याच संस्थेचे मोठे रुग्णालय व महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे, तेव्हा शहरातल्या मंडळींना ही बातमी परकी वाटू नये. त्यापूर्वी, २०१६ च्या डिसेंबरात, मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल, त्यांत एचआयव्ही चाचण्यांचेही, संकेतस्थळावर कोणालाही उघडता यावेत अशा स्थितीत आढळले होते. येथे तर चोराची गरजच पडली नाही. दार उघडेच होते.

सर्वांत लाजिरवाणे प्रकरण २०२५ च्या फेब्रुवारीतले. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांनी टिपलेली स्त्रीरुग्णांच्या तपासणीची चित्रफीत समाजमाध्यमांवर विक्रीस निघाली. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी अटक केलेल्या आरोपींत लातूरचा एक आणि सांगलीचा एक असे दोन तरुण होते. चोरी गुजरातेत, आरोपी मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रात, गिऱ्हाईक देशभर, असा हा व्यापार आहे. रुग्णालयाने कॅमेरे बसविले ते सुरक्षिततेच्या नावाखाली. ते कोठे बसवावेत, त्यांचा संकेतशब्द कोणता असावा आणि ते इंटरनेटला जोडण्याची आवश्यकता आहे काय, याचा विचार करण्याचे काम कॅमेरे बसवून देणाऱ्या दुकानदारावर सोपविले जाते. रुग्णाची माहिती म्हणजे केवळ केसपेपर नव्हे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

घाटीतील धडा

माहिती हातची जाण्यासाठी दरवेळी चोरच लागतो असे नाही. घाटी या नावाने सर्वांना ठाऊक असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली सुरू झाले. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून विदर्भाच्या सीमेवरील बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण तेथे येतात. राज्यातील अन्य शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे तेथेही ‘एचएमआयएस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संगणकीय प्रणाली एका खाजगी कंपनीमार्फत बसविण्यात आली होती. २०२२ च्या जुलैत, कंपनी आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांच्यातील कराराच्या वादात, ही प्रणाली राज्यभर बंद पडली. डॉक्टरांना रुग्णांच्या जुन्या नोंदी पडद्यावर पाहता येईनात, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या खिडक्यांवर पुन्हा हाताने केसपेपर लिहिले जाऊ लागले.

या प्रसंगी वादातील दोन पक्षांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर होते हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की जिच्या नोंदी त्या यंत्रांत होत्या ती बाई या वादात पक्षकारच नव्हती. तिने शासनावर विश्वास ठेवून आपला आजार सांगितला. शासनाने तो कंपनीच्या यंत्रात ठेवला. आणि उभयतांचे बिनसल्यावर तिला नवा पेपर काढण्यास सांगण्यात आले. धान्याचे कोठार भाड्याने देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे भांडण झाले तर निदान धान्य शेतकऱ्याचे आहे हे कोणी नाकारीत नाही. रुग्णाच्या नोंदीबाबत हा साधा व्यवहारही आपल्याकडे स्पष्ट झालेला नाही. कंत्राट संपले तर नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाकडे सुपूर्द करावयाच्या, हे कंत्राटाच्या पहिल्या पानावर असावयास हवे; प्रत्यक्षात पहिल्या पानावर रकमा असतात.

पुढे देशातील पुष्कळ शासकीय रुग्णालयांनी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ प्रणाली स्वीकारली. खाजगी कंपनीच्या लहरीवर विसंबण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. तथापि एम्समध्ये २०२२ साली ठप्प झाली ती हीच प्रणाली, हेही विसरून चालणार नाही. प्रणाली सरकारी असली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होत नाही. तिच्याभोवतीचे कुंपण ज्या त्या रुग्णालयालाच घालावे लागते.

खर्च कोणाचा, नुकसान कोणाचे?

एवढे सगळे घडूनही रुग्णालये सावध का होत नाहीत? तंत्रज्ञ मंडळी याचे उत्तर तंत्रज्ञानात शोधतात. ते अर्थशास्त्रात आहे. केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात बँकांचे उदाहरण दिले आहे. अमेरिकेत खातेदाराने ‘हे पैसे मी काढले नाहीत’ असे म्हटले तर त्याचे म्हणणे खोटे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर होती. ब्रिटनमध्ये ती व्यवहारतः खातेदारावर पडे. परिणाम असा झाला की अमेरिकन बँकांनी डोळे उघडे ठेवून योग्य जागी खर्च केला, आणि ब्रिटिश बँका गाफील राहिल्या व लबाड्या वाढल्या. यंत्रे दोन्हीकडे सारखीच होती. फरक एवढाच की नुकसान कोणाच्या खात्यात पडते. हेच अँडरसन १९९६ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनसाठी रुग्णांच्या संगणकीय नोंदींच्या सुरक्षिततेचे धोरण लिहून चुकले होते, आणि कोणती नोंद कोणी पाहावी याची नावानिशी यादी असली पाहिजे, हा त्या धोरणाचा गाभा होता.

रुग्णालयाची स्थिती ब्रिटिश बँकेसारखी आहे. सुरक्षिततेवर केलेला खर्च रुग्णालयाच्या हिशेबवहीत दिसतो. माहिती फुटल्याने होणारे नुकसान रुग्णाच्या संसारात दिसते. मोडलेली सोयरीक, गेलेली नोकरी, वाढलेला विम्याचा हप्ता यांपैकी कशाचीही नोंद रुग्णालयाच्या ताळेबंदात होत नाही. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडले आणि खालच्या गावचे लोक आजारी पडले तर अर्थशास्त्रात त्यास बाह्य परिणाम म्हणतात. खाम नदीकाठच्या वाचकांना हे उदाहरण अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. जोवर नुकसानीचा भार ते करणाऱ्यावर पडत नाही, तोवर त्याला उपदेश करून उपयोग नसतो.

भारतात बँकेच्या खातेदाराला हे संरक्षण मिळाले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा त्रयस्थाच्या लबाडीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. शिक्षकाचा पगार ज्या बँकेत जमा होतो तेथे त्याला हा दिलासा आहे. त्याच शिक्षकाच्या हृदयाचा अहवाल ज्या रुग्णालयात आहे तेथे तो नाही.

कायद्याने काय दिले आणि काय काढून घेतले

कायदे नाहीत असे मात्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम आले, आणि त्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्यस्थिती, वैद्यकीय नोंदी व पूर्वेतिहास यांना संवेदनशील माहितीचा दर्जा दिला. निष्काळजीपणामुळे अशी माहिती फुटून कोणाचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मागण्याचा हक्क या कलमाने दिला. परंतु ते कंपन्या, भागीदाऱ्या व व्यावसायिक संस्थांपुरते होते. सरकारी रुग्णालय त्याच्या कक्षेत येत नव्हते. ग्राहक न्यायालयाचे दारही सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाच्या रुग्णाला बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे तो ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ पैसे नाहीत म्हणून जो सरकारी दवाखान्यात गेला, त्याच्याच हाती दाद मागण्याचे साधन सर्वांत कमी.

त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांची, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंतची, मुदत ठेवण्यात आली. माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विनाविलंब कळविले पाहिजे आणि मंडळाकडे ७२ तासांत तपशील दिला पाहिजे. सरकारी संस्थाही, काही अपवाद वगळता, या कायद्याच्या कक्षेत येतात. ही सारी प्रगती मान्य केली पाहिजे. परंतु या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांच्याकडे वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आरोग्यविषयक माहितीला २०११ च्या नियमांनी दिलेला वेगळा दर्जा नव्या कायद्यात उरलेला नाही. रुग्णाचा आजार आणि गिऱ्हाइकाने मागविलेल्या बुटांचा आकार कायद्याच्या भाषेत एकाच तागडीत बसले आहेत. आणि ४३-अ हे भरपाईचे कलमच रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हावयाची. ज्याची माहिती फुटली त्याला तीतून एक पैसाही नाही. उद्या एखाद्या सरकारी रुग्णालयाला दंड झाला तर जनतेचा पैसा सरकारच्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात जाईल, आणि ज्या रुग्णाच्या अब्रूचा तो प्रश्न होता तो हे वृत्तपत्रात वाचील.

एचआयव्हीबाधितांपुरता कायदा अधिक कडक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने त्यांची माहिती गुप्त ठेवण्याचे आणि नोंदींच्या रक्षणाची व्यवस्था करण्याचे बंधन स्पष्टपणे घातले आहे. एका आजाराबाबत जे शक्य झाले ते इतर आजारांबाबत अशक्य का मानावे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

नव्या कायद्याची इमारत बव्हंशी संमतीच्या पायावर उभी आहे, आणि येथेही रुग्णाची अडचण लक्षात घेतली पाहिजे. क्षयरोग्याला पोषण आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम २०१८ च्या एप्रिलात ५०० रुपये होती, ती २०२४ च्या नोव्हेंबरापासून १,००० रुपये झाली. ती मिळावयाची तर ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत त्याचे नाव, आजार आणि बँक खाते यांची नोंद व्हावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया करावयाची तर आरोग्यमित्राच्या टेबलावर शिधापत्रिका, ओळखपत्र आणि सारे अहवाल ठेवावे लागतात. हे आवश्यकही आहे, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच. पण ज्याच्यापुढे ‘माहिती द्या नाही तर उपचार नाहीत’ एवढाच पर्याय आहे त्याच्या अंगठ्याला मुक्त संमती म्हणणे हे अर्थशास्त्राला तरी मान्य होण्यासारखे नाही. श्रीमंत रुग्ण निदान रुग्णालय बदलू शकतो. बाजारातील हा एकमेव दबाव गरिबाच्या हाती नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कायद्याने व प्रशासनाने अधिक काळजी घ्यावयास हवी; सध्या क्रम उलटा आहे.

वीस खाटांच्या रुग्णालयाचे काय?

खाजगी डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते: ‘एम्सला जे जमले नाही ते आमच्या वीस खाटांच्या रुग्णालयाला कसे जमणार?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मोठ्या टोळीने ठरवून केलेला हल्ला लहान रुग्णालयाला थोपविता येणार नाही, हे मान्य. पण आजवर जी प्रकरणे उजेडात आली त्यांत असाधारण बुद्धीचे चोर थोडे आणि साधारण प्रतीचा आळस फार आढळतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ग्रासले, तेव्हा तेथील लेखापरीक्षकांच्या अंदाजाप्रमाणे रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या, आणि त्या उपद्रवावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच विनामूल्य दिलेली होती. आयर्लंडच्या आरोग्यसेवेवर २०२१ च्या मे महिन्यात जे संकट आले त्याचे मूळ एका कर्मचाऱ्याने मार्चमध्ये टपालातून आलेली एक फाइल उघडण्यात सापडले. मधल्या आठ आठवड्यांत धोक्याच्या सूचना मिळूनही कोणी त्यांचा छडा लावला नाही.

आपल्याकडील कोणत्याही मध्यम रुग्णालयात डोकावले तर काय दिसते? स्वागतकक्षातील संगणकाचा संकेतशब्द पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर असतो. तो सकाळच्या पाळीला, रात्रीच्या पाळीला आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या मुलालाही ठाऊक असतो. हिशेबाचा संगणक, प्रयोगशाळेचे यंत्र, कॅमेरे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना दिलेले वायफाय एकाच जाळ्यावर असते. अहवाल डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात पडतात आणि तेथेच राहतात. नोंदींची प्रत काढली जाते, पण ती त्याच यंत्राला जोडलेल्या तबकडीवर. म्हणजे चोराने कुलूप लावले की तिलाही लागते. यांपैकी बहुतेक गोष्टी सुधारण्यास फार पैसा लागत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव व संकेतशब्द, नोकरी सुटली की त्याच दिवशी तो रद्द, रोज काढून वेगळी ठेवलेली प्रत, आणि ती प्रत वापरून नोंदी खरोखर परत येतात काय याची महिन्यातून एकदा परीक्षा, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. शेवटची बाब सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. प्रत आहे या समाधानात वर्षे जातात, आणि ती वाचता येत नाही हे गरज पडते त्या दिवशी कळते.

येथे एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. गुप्ततेचा बडगा उगारून रुग्णालाच त्याची कागदपत्रे नाकारण्याची रीत रूढ होऊ लागली तर रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्याच्या नोंदी त्याला मिळाल्या पाहिजेत. माहिती जपावयाची ती परक्यापासून. ज्याची ती आहे त्याच्यापासून नव्हे.

आता पुन्हा छावणीकडे वळावयास हवे. निजामाच्या अमदानीत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणींसाठी वसलेली ही वस्ती आजवर संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी परिषदेने सांभाळली. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत देशातील ६२ छावणी परिषदांसाठी ‘ई-छावणी’ हे एकच संकेतस्थळ सुरू झाले, आणि जन्ममृत्यूच्या दाखल्यांपासून करांपर्यंतचे व्यवहार त्यावर आले. त्यानंतर २०२३ पासून छावण्यांतील नागरी भाग लगतच्या नगरपालिकांत व महापालिकांत समाविष्ट करण्याचे धोरण केंद्राने हाती घेतले. हिमाचल प्रदेशातील योलपासून त्यास आरंभ झाला, आणि येथील छावणीच्या विलीनीकरणाचाही विषय निघाला. अशा प्रसंगी जमीन कोणाची, कराची थकबाकी कोणाची, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार कोणाचा, या प्रश्नांवर बैठका होतात आणि त्या व्हावयासच हव्यात. रुग्णालयाचा विषय निघाला तर इमारत, खाटा, क्ष-किरण यंत्र आणि रुग्णवाहिका यांची यादी होते.

त्या यादीत ‘संगणक’ या शब्दापुढे नगांची संख्या लिहिली जाते. त्यांतील जुने नग निरुपयोगी म्हणून लिलावात निघतात आणि भंगाराच्या भावाने वजनावर जातात. आतील तबकडी काढून नष्ट केली काय, नोंदी कोणत्या कार्यालयाकडे गेल्या, जुन्या कर्मचाऱ्यांचे संकेतशब्द कोणत्या तारखेस बंद झाले, आणि पडेगावहून गुरुवारी येणाऱ्या रुग्णाने आपला जुना अहवाल मागितला तर तो कोणत्या खिडकीवर मिळेल, यांसाठी त्या यादीत आणखी चार रकाने आखावे लागतील.